भूल देणारे आणि भुलवणारे

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटशी आणि त्याच्या घरच्यांशी दहा-पंधरा मिनिटं बोलणं हा माझ्या कामाचा भाग. दमा आहे का, दात हलतोय का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, शेवटचं खाणं कधी झालं, असे माझे ठरलेले प्रश्न. ते संपले की हल्ली समोरून प्रश्न येतात आणि ते मला आवडतात. त्यातला एक वरचेवर येतो. मोबाईल माझ्यापुढे धरून विचारतात, "डॉक्टर, हे संशोधनातून सिद्ध झालंय असं लिहिलंय. म्हणजे खरंच असणार ना?" कधी ते एखादं तेल असतं, कधी लस, कधी गुडघ्यात मारायचं इंजेक्शन.

याचं उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही आणि ओ.टी.च्या दारात उभ्या उभ्या लांब उत्तर देता येत नाही. म्हणून ते इथे लिहितो आहे.

संशोधन करणारी माणसंच असतात. बहुतेक जण प्रामाणिक असतात, काही चुकतात आणि थोडे चक्क खोटं बोलतात. खोटं बोलणाऱ्यांची उदाहरणं द्यायची तर मला दुसऱ्याच्या अंगणात जायची गरज नाही. शोधनिबंध छापून आला आणि नंतर नियतकालिकाला तो मागे घ्यावा लागला, अशा प्रकारांची जगभरची मोजदाद होत असते. त्या यादीत सगळ्यात वरच्या जागा आम्हा भूलवाल्यांनी पटकावल्या आहेत. भूल देणं हा आमचा व्यवसाय, पण काहींनी भुलवण्याचाही जोडधंदा केला.

त्यातल्या एकाची गोष्ट नीट सांगतो, कारण ती थेट पेशंटच्या शिरेपर्यंत पोचते.

ऑपरेशनमध्ये रक्त जातं. अपघातात जातं, बाळंतपणात जातं. गेलेल्या रक्ताची जागा लगेच कशाने तरी भरावी लागते, नाहीतर ब्लडप्रेशर उतरतं. रक्ताची पिशवी त्या क्षणी हाताशी नसते आणि दर वेळी तिची गरजही नसते. म्हणून आधी सलाईन लावतात. सलाईन म्हणजे मिठाचं पाणी. स्वस्त आणि सोपं. त्याची अडचण अशी की ते रक्तवाहिनीत फार वेळ थांबत नाही, झिरपून आजूबाजूला जातं. आयसीयूमधल्या पेशंटचा चेहरा आणि हातपाय सुजलेले तुम्ही पाहिले असतील, त्याचं हे एक कारण.

यावर एक हुशार कल्पना निघाली. पाण्यात असे मोठे रेणू मिसळायचे, की ते रक्तवाहिनीच्या भिंतीतून सहज बाहेर पडणार नाहीत आणि पाण्यालाही आत धरून ठेवतील. हे रेणू बनवले मक्याच्या नाहीतर बटाट्याच्या पिठूळ भागापासून. तुमच्या स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर आणि हे औषध लांबचे भाऊबंद म्हणा ना. त्याचं पूर्ण नाव हायड्रॉक्सीइथाइल स्टार्च, आम्ही नुसतं स्टार्च म्हणायचो. युरोपात ते भरपूर वापरलं गेलं. आपल्याकडेही मिळायचं. साध्या सलाईनच्या कित्येक पट किंमत, पण "भारीतली बाटली" असा त्याचा मान होता.

कल्पना कागदावर इतकी पटणारी होती की शंका काढणारा माणूस कटकट्या वाटावा. तरी शंका होत्याच. हे रेणू शरीरातून बाहेर जायचे ते मुख्यतः मूत्रपिंडातून, मग मूत्रपिंडावर ताण येत नसेल? रक्त गोठण्याची क्रिया बिघडत नसेल? या शंकांना धीर देणारी उत्तरं ज्यांच्या शोधनिबंधांत वारंवार सापडायची, त्यांचं नाव योआखिम बोल्ट. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेन इथल्या मोठ्या रुग्णालयात ते भूलविभागाचे प्रमुख होते. शेकडो शोधनिबंध नावावर. शिरेतून द्यायच्या द्रवांबद्दल जगात कुठेही परिषद असली की त्यांचा हवाला ठरलेला.

२००९ च्या अखेरीस त्यांचा आणखी एक निबंध 'अनेस्थेशिया अँड अनाल्जेसिया' या आमच्या नामांकित नियतकालिकात आला. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये हार्ट-लंग मशीन वापरतात. ते सुरू करण्याआधी त्यात द्रव भरून ठेवावा लागतो. तो द्रव स्टार्च असावा की अल्ब्युमिन, याची त्यांनी तुलना केली होती. अल्ब्युमिन म्हणजे माणसाच्या रक्तातून काढलेलं प्रथिन, चांगलंच महाग. निष्कर्ष अर्थातच स्टार्चच्या बाजूने होता.

काही वाचकांना त्यातले आकडे खटकले. तुमच्या घरातल्या पाच जणांची साखर तपासली तर पाच वेगळे आकडे येतील. हृदयाच्या मोठ्या ऑपरेशननंतर तर माणसामाणसांत भरपूर फरक पडतो. या निबंधात मात्र काही तपासण्यांचे आकडे एकमेकांना इतके चिकटून होते, जणू सगळे पेशंट एकाच साच्यातून काढले आहेत. वाचकांनी संपादकांना पत्रं लिहिली. संपादकांनी ती कचऱ्यात टाकली नाहीत, हे महत्त्वाचं. चौकशी लागली.

आणि ही चौकशी कशी झाली पाहा. कोणी अवघड गणित केलं नाही, कोणता गुप्तहेर नेमला नाही. साधे प्रश्न विचारले गेले. या अभ्यासाला तुमच्या भागातल्या नैतिकता समितीची परवानगी होती का? नव्हती. पेशंटच्या संमतीचे कागद कुठे आहेत? नाहीत. बरं, ज्या अल्ब्युमिनशी तुलना केली, ते तरी रुग्णालयात वापरलं होतं का? तर त्या रुग्णालयात त्या काळात अल्ब्युमिन वापरातच नव्हतं! म्हणजे पंगतीत श्रीखंड वाढल्याचं वर्णन छापून आलं होतं आणि भटारखान्यात चक्काच आला नव्हता.

२०१० च्या ऑक्टोबरमध्ये तो निबंध मागे घेतला गेला आणि पाठोपाठ बोल्ट यांचं पद गेलं. मग त्यांच्या जुन्या निबंधांचा पाठपुरावा सुरू झाला. २०११ साली अनेक नियतकालिकांच्या संपादकांनी एकत्र येऊन त्यांचे ८८ निबंध मागे घेत असल्याचं जाहीर केलं. कारण एकच, नैतिकता समितीची परवानगी दाखवता आली नाही. आजवर हा आकडा १८० च्या पुढे गेला आहे.

इथे जरा थांबा. त्या ८८ निबंधांतले सगळेच आकडे बनावट ठरले, असं नाही. प्रश्न परवानगीचा होता. म्हणजे त्यातले काही प्रयोग खरोखर झाले असतील, तर ते हाडामांसाच्या माणसांवर समितीला न विचारता झाले. यातलं जास्त वाईट काय, पेशंट नसताना पेशंट दाखवणं की पेशंट असताना त्याच्यासाठी असलेली राखण टाळणं? मला तरी दुसरं जास्त वाईट वाटतं.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टर, कुठल्या तरी जर्मन प्राध्यापकाने कागदावर काही लिहिलं, आमचं काय गेलं? पुढे ऐका.

२००८ सालीच जर्मनीतल्या दुसऱ्या संशोधकांनी एका मोठ्या चाचणीत दाखवलं होतं की सेप्सिसच्या, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर भिनलेल्या, पेशंटना स्टार्च दिलं तर मूत्रपिंडं जास्त बिघडतात. स्टार्चच्या समर्थकांचं उत्तर तयार होतं, ते जुन्या प्रकारचं स्टार्च, नवं सुरक्षित आहे. मग २०१२ साली नव्या स्टार्चच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. एक स्कँडिनेव्हियन देशांतली, सेप्सिसच्या सुमारे ८०० पेशंटची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केलेले, आणि बाटलीत काय आहे ते डॉक्टरलाही माहीत नाही. नव्वदाव्या दिवशी स्टार्चच्या गटात शंभरातले ५१ दगावलेले, साध्या द्रवाच्या गटात ४३. दुसरी चाचणी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधली, आयसीयूतल्या ७,००० पेशंटची. तिच्यात मृत्यूंमध्ये ठोस फरक दिसला नाही, पण डायलिसिस वा तशा उपचारांची गरज स्टार्चच्या गटात ७ टक्के आणि सलाईनच्या गटात ५.८ टक्के लोकांना लागली.

२०१३ साली 'जामा'मध्ये एक अभ्यास आला तो मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. स्टार्चवरच्या ३८ चाचण्या एकत्र मांडून हिशेब केला होता. बोल्ट यांच्या चाचण्या त्यात धरल्या, तर स्टार्चने मृत्यू वाढतात की नाही हे धूसर राहत होतं. त्या ७ चाचण्या बाहेर काढल्या आणि धूसर चित्र स्पष्ट झालं: मृत्यू वाढतात, मूत्रपिंडाचे बिघाडही वाढतात. त्या सातही चाचण्यांत मिळून ५९० पेशंट होते, सगळ्यांचे मिळून दहा हजारांवर. दुधात मिठाचा खडा किती मोठा लागतो?

त्याच वर्षी अमेरिकेत या औषधावर सर्वांत कडक इशारा छापणं बंधनकारक झालं. युरोपात आधी निर्बंध आले आणि २०२२ साली त्याची परवानगी स्थगित करण्याचा निर्णय झाला. मधल्या वर्षांत जगभर किती जणांना ही बाटली लागली आणि त्यातल्या कितींचं मूत्रपिंड तिच्यामुळे गेलं, हे आता कोणालाही मोजता येणार नाही. आयसीयूमधल्या मृत्यूच्या दाखल्यावर "खोटा शोधनिबंध" असं कारण लिहिलेलं नसतं.

मग छापण्याआधी कोणी तपासत नाही का, हा तुमच्या मनातला पुढचा प्रश्न. तपासतात. निबंध त्या विषयातल्या दोन-तीन तज्ज्ञांकडे पाठवतात, ते बहुधा फुकटात वाचून शेरे लिहितात. पण ते वाचतात तो निबंध. रुग्णालयात येऊन रजिस्टर पाहत नाहीत.

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेला एक निवृत्त बँकवाले काका येतात. जमाखर्चाची छापील प्रत सगळ्यांच्या हातात असते, बेरजा बरोबर असतात, चहा-वडे यायचे असतात. काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "व्हाउचर दाखवा." बाकीचे सुस्कारे सोडतात. शोधनिबंधाची तज्ज्ञ-तपासणी म्हणजे छापील प्रतीतल्या बेरजा पाहणं. तिथे हे काका नसतात. खोटेपणा बहुतेक वेळा उघडा पडतो तो नंतर, कोणी तरी व्हाउचर मागितल्यावर.

आणि मागितलं तरी लगेच काही होतं असं नाही. जपानमधले योशिताका फुजी हे आमच्याच शाखेतले दुसरे महाभाग. ऑपरेशननंतर उलट्या होऊ नयेत म्हणून द्यायच्या औषधांवर त्यांनी निबंधांचा पाऊस पाडला. २००० साली जर्मनीतल्या पेटर क्रांके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर पत्र लिहून दाखवून दिलं की यांचे आकडे विश्वास बसू नये इतके छान आहेत. वेगवेगळी औषधं दिलेल्या गटांत डोकेदुखी झालेल्यांची संख्या निबंधामागून निबंधांत तंतोतंत सारखी! हे पत्र छापून आलं, लोकांनी वाचलं आणि फुजी पुढे लिहीत राहिले. २०१२ साली इंग्लंडमधले भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या निबंधांतले आकडे निव्वळ योगायोगाने असे येण्याची शक्यता किती हे गणिताने दाखवलं. जपानी भूलतज्ज्ञांच्या संघटनेने चौकशी केली आणि १७२ निबंध बनावट ठरले. पत्र आणि निकाल यांच्यामध्ये बारा वर्षं.

असं करतात तरी का? पैसा हे कारण असतं, पण नेहमी नाही. बढती, नाव, परिषदेतलं पहिल्या रांगेतलं आसन. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयांत बढतीसाठी शोधनिबंध लागतात आणि शोधनिबंध मोजले जातात ते नगावर. मग पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं निघतात, प्रबंध लिहून देणारे भेटतात. एम.डी. करणाऱ्या प्रत्येक मुलाला प्रबंध करावा लागतो. तिथेच पहिली परीक्षा असते आणि ती विद्यापीठ घेत नाही.

माझ्या प्रबंधात साठ पेशंट होते. कमरेतून भूल दिल्यावर ठरावीक वेळांनी ब्लडप्रेशर नोंदायचं होतं. एका बाईंना मधेच दुसऱ्या वॉर्डात हलवलं गेलं आणि तिथल्या गडबडीत दोन रकाने रिकामे राहिले. माझ्या बरोबरीचा एक जण हसून म्हणाला, "आधीचं ११०, नंतरचं ११२. मधे काय असणार? लिही १११." माझे मार्गदर्शक तिथेच उभे होते. ते फार न बोलणारे गृहस्थ. त्यांनी पेन घेतलं, त्या दोन रकान्यांवर आडवी रेघ मारली, "नोंद नाही" असं लिहिलं आणि खाली सही केली. मग म्हणाले, "मधे काय झालं ते माहीत असतं तर प्रबंध कशाला करायचा?" दुसऱ्या एका महाविद्यालयात, नाव घेत नाही, माझ्या ओळखीच्या मुलीला तिच्या मार्गदर्शकाने नेमकं उलटं सांगितलं होतं: चाळीस पेशंट झालेत ना, उरलेले वीस घरी बसून पूर्ण कर. तिने केले नाहीत. तिचे सहा महिने वाया गेले, आणि त्याबद्दल तिला कोणी शाबासकी दिली नाही.

हा विषय निघाला की लोक म्हणतात, पण शेवटी निष्कर्ष बरोबर निघाला तर काय बिघडलं? या प्रश्नासाठी कोविडकाळातली एक गोष्ट हाताशी आहे.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विन आठवतं? २०२० च्या मार्चमध्ये आपल्या आयसीएमआरने कोविड पेशंटची देखभाल करणाऱ्यांसाठी आणि पेशंटच्या घरातल्या संपर्कातल्यांसाठी ते सुचवलं, आणि बघता बघता औषधाच्या दुकानांतून ते गायब झालं. संधिवाताचे, ल्युपसचे पेशंट, ज्यांना ते रोज लागतं, ते दुकानं पालथी घालत होते. मग २२ मे रोजी 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला: ६७१ रुग्णालयं, ९६,०३२ पेशंट, आणि निष्कर्ष असा की या औषधाने उपयोग तर नाहीच, उलट मृत्यू वाढतात. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग थांबवला.

इतके आकडे आले कुठून? सर्जिस्फिअर नावाच्या एका छोट्या अमेरिकी कंपनीकडून. ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी एक साधी तुलना केली. या कंपनीच्या पाच ऑस्ट्रेलियन रुग्णालयांतले २१ एप्रिलपर्यंतचे मृत्यू होते ७३. त्या तारखेपर्यंत अख्ख्या ऑस्ट्रेलियात नोंदले गेलेले मृत्यू होते ६७. शेकडो शास्त्रज्ञांनी मूळ नोंदी मागितल्या, खुद्द सहलेखकांनी त्रयस्थ तपासणीचा आग्रह धरला. कंपनीने करारांचं कारण देत नोंदी द्यायला नकार दिला. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. छापल्यापासून तेरा दिवसांत.

गंमत पुढे आहे. दुसऱ्याच दिवशी, ५ जूनला, ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' या चाचणीने आपला निकाल जाहीर केला. ही चाचणी खरी, रुग्णालयांतून घेतलेली, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली. निकाल: रुग्णालयात दाखल झालेल्या कोविड पेशंटना या औषधाचा उपयोग होत नाही. म्हणजे त्या संशयास्पद निबंधाचं "उपयोग नाही" हे म्हणणं बरोबर निघालं!

मग बिघडलं काय? हे बिघडलं. ज्या चाचण्यांतून खरं उत्तर मिळणार होतं, त्याच चाचण्या त्या निबंधामुळे थबकल्या. स्वतःहून चाचणीत आलेले पेशंट घाबरले. आणि निबंध मागे घेतल्यावर औषधाच्या कट्टर पुरस्कर्त्यांना आयतं हत्यार मिळालं: "बघा, विरोधातलं संशोधन खोटं होतं!" त्यानंतर आलेलं खरं उत्तर ऐकायला ते तयार नव्हते. माझ्या ओळखीतले काही जण आजही त्या गोळ्यांची पट्टी कपाटात जपून आहेत.

लशीबद्दलचं ते प्रसिद्ध प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा लंडनमधला निबंध १९९८ साली 'लॅन्सेट'मध्येच आला होता, अवघ्या १२ मुलांवरचा. ब्रायन डिअर या पत्रकाराने व्हाउचर मागितली. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून वेकफिल्ड यांना पैसे मिळत होते, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. ब्रिटनच्या वैद्यक परिषदेच्या चौकशीत हेही आलं की मुलांवर गरज नसलेल्या त्रासदायक तपासण्या झाल्या, आणि स्वतःच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या पोरांचं रक्त पाच-पाच पौंड देऊन काढलं गेलं. २०१० साली निबंध मागे घेतला गेला आणि वेकफिल्ड यांचं नाव डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढलं गेलं. पुढे डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून असा काही संबंध नाही हे पुन्हा दिसलं. तरी ती बारा मुलं आपल्या व्हॉट्सॲपवर अजून फिरताहेत. निबंध मागे घेता येतो, बसलेली भीती मागे घेता येत नाही.

हे सगळं वाचून "म्हणजे डॉक्टर, कशावरच विश्वास ठेवू नये" असं मनात आलं असेल तर तो अर्थ माझा नाही. ही सगळी प्रकरणं उघडकीला आली ती शंका घेणाऱ्या वाचकांमुळे आणि दुसऱ्यांदा मोजून पाहणाऱ्या संशोधकांमुळे. स्टार्चचं सत्यही चाचण्यांनीच सांगितलं. तेव्हा तुमची ब्लडप्रेशरची गोळी उद्या बंद करू नका. मोबाईलवर "सिद्ध झालंय" दिसलं तर एवढंच विचारा: हे एकाच माणसाने म्हटलंय, की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन-तीन चमूंनी वेगवेगळ्या देशांत तेच पाहिलंय? किती माणसांवर? आणि हे विकणारा कोण आहे? तुमच्या डॉक्टरांना विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, फार तर घड्याळ बघतो.

पण एक वेळ अशी येऊ शकते की संशोधनाचा संबंध तुमच्या मोबाईलशी नसून तुमच्या शरीराशी असेल. तुमच्यावर उपचार करणारे डॉक्टर म्हणतील, "आमच्याकडे एका औषधाची चाचणी चालू आहे, तुम्ही भाग घ्याल का?" घाबरू नका आणि घाईही करू नका. चाचण्यांत लोकांनी भाग घेतला नाही तर आपण अजून स्टार्चच्या बाटल्याच लावत बसू. मात्र तुमचे काही हक्क आहेत आणि ते कोणाच्या मेहेरबानीचे नाहीत.

अशा चाचणीला नैतिकता समितीची मंजुरी लागते. तिच्यात डॉक्टरांखेरीज कायदा जाणणारी व्यक्ती असते आणि तुमच्या-माझ्या शेजाऱ्यासारखा एक सामान्य नागरिकही असतो. तो मुद्दाम ठेवलेला असतो. "हे वाक्य मला समजलं नाही, पेशंटला काय समजणार?" असं विचारायला कोणी तरी हवं ना. माहितीपत्रक तुम्हाला कळेल अशा भाषेत, म्हणजे तुमच्यासाठी मराठीत, मिळायला हवं. वाचता येत नसेल तर डॉक्टरांच्या बाजूचा नसलेला साक्षीदार समोर हवा. घरी नेऊन मुलाबाळांशी बोलायला वेळ हवा. नको म्हटलंत तर तुमच्या नेहमीच्या उपचारात फरक पडता कामा नये. "हो" म्हणून भाग घेतलात आणि मधेच नकोसं वाटलं तर कारण न देताही बाहेर पडता येतं. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई यांची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे.

जून २००९ पासून आपल्या देशात नव्या औषधाची चाचणी सुरू करण्याआधी ती सरकारी नोंदणीत घालणं बंधनकारक आहे. ही नोंदणी आयसीएमआर चालवते, सीटीआरआय तिचं नाव. इंटरनेटवर ती कोणालाही फुकट पाहता येते. प्रत्येक चाचणीला क्रमांक असतो. तो डॉक्टरांना मागा आणि नातवाला शोधायला सांगा. कोणतं औषध, किती पेशंट, कोणत्या रुग्णालयात, पैसा कोणाचा, कशावरून यश मोजणार, हे सगळं तिथे आधीच लिहिलेलं असतं. आधी लिहिलेलं असतं म्हणूनच नंतर कोणाला सोयीचं बदलून घेणं जड जातं.

सही केलेल्या संमतीपत्राची आणि माहितीपत्रकाची एक प्रत तुमच्या हातात मिळायला हवी. ती मिळाल्याशिवाय उठू नका. त्यावर नैतिकता समितीशी संपर्क कसा करायचा ते दिलेलं असतं, ते डॉक्टरांपासून स्वतंत्र असतं. ही प्रत डिस्चार्ज कार्ड आणि एक्स-रे ठेवता त्याच फायलीत ठेवा, आणि फाईल कुठे आहे ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा.